मदत हवी: एकसर जोडणीत एकच बल्ब ठळक पेटतो, 'वीज वाटेत संपते' हा समज कसा काढावा?

टाचणवही: नमस्कार. डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविका) ४० छात्राध्यापकांचे १० गट आहेत. गटाला १.५ व्होल्टचे २ सेल, टॉर्चचे २ बल्ब, होल्डर, तार. बल्ब एकसर (एकामागोमाग एक, एकाच वाटेत) जोडले की एक ठळक पेटतो, दुसऱ्याची तार जेमतेम लाल होते. लगेच निष्कर्ष निघतो: 'पहिल्याने वीज खाल्ली, उरली ती दुसऱ्याला.' सराव पाठात हेच पोरांपर्यंत जाईल याची काळजी वाटते. बल्ब इथे सोलापुरात, नवी पेठेतून सुटे आणलेत. एलईडी वापरू का?

तांब्याचीतार: बल्ब सारखे नाहीत, मॅडम. पितळी कड्यावरचे बारीक आकडे भिंगाने वाचा. २.५ व्होल्टचेच असले तरी एक ०.२ आणि दुसरा ०.३ अँपिअरचा असू शकतो. पेटल्यावर रोध (विजेला होणारा अडथळा) अनुक्रमे साडेबारा आणि सव्वाआठ ओहमच्या आसपास. एकसर जोडणीत धारा (वाहणारी वीज) दोघांत सारखीच, म्हणून जास्त रोधाचा ०.२वाला ठळक दिसतो. मल्टिमीटरने रोध मोजून बल्ब निवडू नका. थंड तारेचा रोध पेटलेल्यापेक्षा कितीतरी कमी असतो. २ सेलवर दोन-दोन बल्ब एकसर लावून सारखे पेटणाऱ्या जोड्या करा.

पण ही विजोड जोडी टाकू नका, शिकवायला तीच सोन्यासारखी आहे! आधी प्रत्येकाला अंदाज लिहायला लावा, मग बल्ब तिथेच ठेवून फक्त सेल उलटे करा. वीज वाटेत संपत असती तर आता दुसरा ठळक व्हायला हवा. होत नाही. मग बल्बांची अदलाबदल करा: उजेड बल्बाबरोबर जागा बदलतो.

टाचणवही: धन्यवाद सर. धारा मोजूनही दाखवायची आहे. मीटर २०० मिलिअँपिअरवर ठेवू?

ओहमकर: नको. धारा ०.२ अँपिअरच्या आसपास जाईल, फ्यूज उडू शकतो. लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घाला, मीटर एकसर जोडा. तीन ठिकाणी मोजा: पहिल्या बल्बाआधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्यानंतर. आकडा तोच येतो. सेलच्या दोन टोकांना मीटर थेट लावू दिलं तर शॉर्ट होतो, तेवढं सांभाळा.

एलईडी या तासाला नकोत. एकाच दिशेने पेटतात, आणि लाल एलईडीलाही सुमारे १.८ व्होल्ट लागतात. दोन एकसर लावले तर ३ व्होल्टवर काहीच दिसणार नाही. मोटार वाइंडिंगची तार असेल तर टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरने सगळीकडून खरवडा. बल्ब न पेटण्याचं नेहमीचं कारण तेच.