अनुभव धागा: वायरचा क्लच काढून हायड्रॉलिक

नटबोल्ट
भंगाराच्या डब्यात आज जुनी क्लच वायर हाताला लागली. पेडलकडच्या टोकाला निम्म्या तारा तुटून पिंजारलेल्या, उरलेल्यांवर सगळा भार. गाडीत वायरऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच बसवण्याचा खटाटोप आठवला, म्हणून धागा. ज्यांनी केलंय त्यांनी मापांसकट लिहा, नुसतं "पेडल मस्त मऊ झालं" नको. माझ्याकडून पहिलं: पार्ट घेण्याआधी पट्टी घ्या. वायर जोडलेली असतानाच दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि गिअरबॉक्सवरच्या फोर्कचं (क्लच सोडवणाऱ्या दांड्याचं) टोक किती मिमी सरकतं ते मोजा. पुढचं सगळं त्या एका आकड्यावर.

अर्धाक्लच
घ्या गणित. पेडल १५० मिमी, रेशो ६:१, म्हणजे मास्टरचा (पेडलकडचा, ऑइल ढकलणारा सिलिंडर) दांडा २५ मिमी आत. मास्टर पाऊण इंची, १९.०५ मिमी, तर साधारण ७.१ घनसेमी ऑइल ढकललं जातं. २२.२ मिमीच्या स्लेव्हमध्ये (फोर्क हलवणारा सिलिंडर) तेवढंच ऑइल दांडा १८.४ मिमी बाहेर काढतं. फोर्कला १६ लागत असतील तर झालं काम. तिथेच १५.८७ चा मास्टर लावलात तर ४.९ घनसेमी, १२.८ मिमी. पेडल लोण्यासारखं, पण क्लच सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र.

ग्रीसमावशी
घाईत लिहितेय. वायर ओढते, स्लेव्ह ढकलतो!! म्हणून स्लेव्ह फोर्कच्या दुसऱ्या बाजूला यायला हवा, नाहीतर ओढणारा स्लेव्ह शोधा. जागा आहे का ते गाडीखाली झोपून बघा आधी. आणि ब्रॅकेट गिअरबॉक्सच्या बोल्टवरच, चेसिसवर नको. इंजिन माउंटवर डुलतं, स्लेव्ह चेसिसवर असला की गाडी उचलताना क्लच थरथरतो.

टॉपगिअर
+१ मावशी. ब्रॅकेटला जाड पट्टी घ्या. पेडल दाबल्यावर ब्रॅकेट २ मिमी वाकलं तर ते २ मिमी फोर्कच्या वाट्यातून गेले. फायरवॉलचंही (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) तेच. पत्रा पातळ असतो, मास्टरमागे ३ मिमीची प्लेट दिली नाही तर पत्रा डबा वाजवल्यासारखा आतबाहेर होतो आणि कालांतराने भोकापासून तडकतो.

चहाचीवेळ
वाचतोय. वायर तुटायचं अजून एक कारण कुणी लिहिलं नाही. इंजिनची अर्थिंग पट्टी सैल किंवा गंजलेली असली की स्टार्टरचा करंट क्लच वायरमधून परततो. वायर तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, पेडल जड. नवी वायर टाकली तरी पुन्हा तेच.

नटबोल्ट
@चहाचीवेळ विषयांतर, पण लाखमोलाचं. आणि पट्टी तशीच ठेवून हायड्रॉलिक केलं तर तो करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरमधून वाट काढणार.

अर्धाक्लच
मास्टरच्या दांड्याला १ ते १.५ मिमी खेळ ठेवाच. खेळ नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगलं की परतायला जागा नाही, स्लेव्ह आपोआप दाबला जातो आणि क्लच स्लिप. थंड गाडीत सगळं ठीक दिसतं, म्हणून लोक प्लेट बदलत बसतात.

ग्रीसमावशी
स्लेव्हकडेही बघा. प्लेट झिजते तशी डायाफ्रामची (क्लच दाबून धरणारी चकतीसारखी स्प्रिंग) बोटं बेअरिंगकडे (फोर्क ढकलतो ते) येतात, म्हणजे स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो. सुरुवातीलाच पिस्टन तळाला टेकलेला असेल तर जायचं कुठे? मागे १० मिमी तरी जागा सोडा. जुनं बेअरिंग कायम टेकून फिरणारं नसेल तर फोर्कला बाहेरून स्प्रिंग आणि २-३ मिमी गॅप. शेगडीवर काहीतरी आहे, आले.

पानापक्कड
पाईप ४.७५ मिमीचा चालतो. फ्लेअर (पाईपचं पसरवलेलं टोक) डबल की बबल ते मास्टरच्या तोंडात बघून ठरवा, चुकीचा फ्लेअर कितीही आवळा, गळणारच. गिअरबॉक्सकडचा शेवटचा तुकडा रबरी होजचा, सायलेन्सरपासून लांब. ऑइल म्हणजे ब्रेक ऑइल, डॉट ३ किंवा ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, मिसळू नका. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग पापुद्रा धरून उठतो.

कच्चालिंबू
एअर निघतच नाही हो. पेडल पंधरा वेळा मारलं की येतं, सोडलं की पुन्हा खाली 😭

पानापक्कड
@कच्चालिंबू निप्पल (स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू) वर आहे की खाली? स्लेव्ह उलटा बसला तर हवा वरच्या टोकाला अडकते, जन्मभर निघणार नाही. सरळ असेल तर उलटी एअर काढा: सिरिंजला पारदर्शक नळी, निप्पल उघडून खालून हळूहळू ऑइल भरा, बुडबुडे वर टाकीत निघतात. टाकी आधी अर्धी रिकामी करा, उतू जाते.

कच्चालिंबू
निप्पल खाली 🤦 सोडवून फिरवतो. अजून एक, पेडल वर पूर्ण येत नाही, दोन बोटं खालीच राहतं.

टॉपगिअर
वायरच्या वेळची मदतीची स्प्रिंग आणि तो दातेरी सेल्फ अ‍ॅडजस्टर पेडलवर तसाच ठेवलाय ना? दोन्ही काढा. ती स्प्रिंग पेडल खाली धरून ठेवते, मास्टर परत येत नाही. पेडलखाली रबर डोक्याचा स्टॉपर बोल्टही द्या, क्लच सुटल्यावर थोडंच पुढे जाऊन थांबेल असा. नाहीतर स्लेव्हचा पिस्टन बोअरबाहेर येतो.

कच्चालिंबू
कुठली स्प्रिंग?

टॉपगिअर
पेडलच्या मुळाशी, डॅशबोर्डखाली. पेडल अर्धं गेलं की उलट्या बाजूला ओढायला लागते ती. डोळ्यांवर चष्मा घालून काढ, सुटताना जोरात उडते.