हळदीच्या पेवावरचा धडा लहान-मोठ्या सगळ्यांसाठी कसा लिहावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीजवळच्या हरिपूरची. 'पेव फुटलं' असं आपण सहज म्हणतो, पण आमच्या गावात खरी पेवं होती, जमिनीखाली हळद साठवायचे खोल खड्डे. २००५ च्या महापुरात बहुतेकांत पाणी शिरलं आणि तो धंदा मोडला तो मोडलाच. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवात स्वतः उतरलेली माणसं आता म्हातारी झालीत. त्यांच्याकडचं टिपून ठेवायला आम्ही सहाजण दर रविवारी वाचनालयात बसतो. ज्याला जे येतं त्यानं ते सांगायचं, बाकीच्यांनी लिहायचं, मग सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायचं. असे चार धडे झाले.

पाचव्यापाशी गाडं अडलंय. एक आजोबा, उभा जन्म हमालीत गेलेला. म्हटलं, "पेवात उतरायचं कसं, सांगा की." तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं? कंदील सोडायचा." बस्स! तासभर गप्पा झाल्या तेव्हा एकेक बाहेर आलं. पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, काही तास वारा लागू द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर थांबायचं. सांगताना त्यांचा हात दोरी सोडल्यासारखा हलत होता. ते काही माझ्या कागदावर उतरलं नाही.

कच्चा धडा पाचवीतल्या मुलीला वाचायला दिला. तिनं विचारलं, "कंदील का विझतो?" आणि तिचे आजोबा म्हणतात, "हे कशाला लिहिता, सगळ्यांना माहीत असतं." मग एकच धडा ठेवू की दोन करू? पेवाला आतून काय लावायचं यावरही दोन आजोबांचं जमत नाही. खरं कुणाचं धरायचं? आणि हे सगळं मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता येईल असं, द्यायचंय, तर त्यांची संमती कशी घ्यायची?

प्रतिसाद

ताई, मी वाई तालुक्यात शिक्षक आहे. धडा एकच ठेवा, त्या मुलीचा प्रश्न मथळा करा. हवेत एरवी सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो १६ च्या आसपास आला की ज्योत विझते. पण एक ठळक लिहाच: काही विषारी वायूंत कंदील जळत राहतो, तरी माणूस मरतो. वाचून कुणी पोर विहिरीत करून बघायला नको.

वाईतून निघणाऱ्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. तसं दोन्ही आजोबांचं म्हणणं ज्याच्या त्याच्या नावानं छापा. क्रिएटिव्ह कॉमन्स हा असाच मुक्त परवाना, तो एकदा दिला की मागे घेता येत नाही. हे त्यांना सहीआधी सांगा, वाचून दाखवा. आणि पुढच्या वेळी त्यांच्या हातात खरी दोरी द्या, मोबाईलवर फक्त हात टिपा.

धागाकर्ती

सर, विषारी वायूचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच घालते. दोरी आजोबांच्या घरात अजून खुंटीला आहे, रविवारी तीच आणायला सांगते. पेवाच्या अस्तराबद्दल तासगाव, मिरजेकडच्या कुणाला घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून काही कळलं तर इथं जरूर लिहा.