स्वतःचा कॅम्पर घेऊन नॉर्वे: कीलहून फेरी की हिर्ट्सहाल्सहून? (स्टुटगार्ट, ऑगस्ट, ३ आठवडे)

स्टुटगार्टकर

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये तीन आठवडे नॉर्वेला जायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि मुलं, वय ९ आणि ५. गाडी फियाट डुकाटोवर बांधलेला कॅम्पर: लांबी ५.९९ मी., उंची २.६५ मी., मंजूर वजन ३.५ टन. मागे सायकलींचा रॅक. फ्रिज तिन्हीवर चालणारा (गॅस, २३० व्होल्ट, १२ व्होल्ट), गॅसचे ११ किलोचे दोन जर्मन सिलिंडर. बघायचं ते मुख्यतः नैर्ऋत्य नॉर्वे: स्टावांगर, बर्गन, सोग्नेफ्योर्ड, जमलं तर गाइरांगर.

विचारायचं ते असं. फेरी कुठली घ्यावी? बुकिंग करताना काय चुकतं? गॅस तीन आठवडे पुरेल का, नाही पुरला तर तिथे बदलून मिळतो का? चौघांचेही पासपोर्ट भारतीय आहेत, राहण्याचा परवाना जर्मनीचा. त्यात काही अडचण?

उत्तरवारी

फेरीचं तिकीट एकटं बघू नका. तिकीट, डिझेल, वाटेतले मुक्काम आणि उतरल्यावर किती उलटं चालवावं लागतं, हे सगळं एकत्र मांडा.

कील–ओस्लो: स्टुटगार्टहून कील साधारण ७५० किमी. बोट दुपारी २ ला सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला ओस्लो. केबिन घ्यावीच लागते. आराम भरपूर, पण तुम्हाला जायचंय पश्चिमेला आणि ओस्लोहून बर्गन आणखी ४६०-४८० किमी. नॉर्वेतले एवढे किमी कॅम्परने म्हणजे अख्खा दिवस.

हिर्ट्सहाल्स: डेन्मार्कच्या उत्तर टोकाजवळ, स्टुटगार्टहून साधारण ११५० किमी, म्हणजे वाटेत एक मुक्काम धराच. इथून क्रिस्टियानसांड सव्वातीन तास, लार्विक पावणेचार तास. तिसरा पर्याय रात्रीची बोट: संध्याकाळी सुटते, सकाळी स्टावांगर, दुपारी बर्गन. स्टावांगरचा धक्का शहरात नाही, रिसाविका इथे आहे, म्हणजे उतरल्यावर गावातली गर्दी लागत नाही. तिथून प्रेइकेस्टोलेन या प्रसिद्ध कड्याकडे जायला आता फेरी नको. २०१९ च्या अखेरीला सुरू झालेला रिफिल्के बोगदा आहे, १४.४ किमी लांब आणि समुद्रसपाटीखाली २९२ मीटरपर्यंत उतरणारा.

तिसरी वाट पुटगार्डन–रोडबी (जर्मनी ते डेन्मार्क, ४५ मिनिटं), मग हेल्सिंगोर–हेल्सिंगबोर्ग (डेन्मार्क ते स्वीडन, २० मिनिटं) किंवा तिथलाच ओरेसुंड पूल, आणि स्वीडनमधून ओस्लो. पाण्यावरचा वेळ सगळ्यात कमी, स्टिअरिंगवरचा सगळ्यात जास्त. ५ वर्षांच्या मुलासोबत ही निवडू नका.

तुमच्या नकाशाला माझ्या मते सगळ्यात चांगलं: जाताना हिर्ट्सहाल्सहून रात्रीच्या बोटीने स्टावांगर, किनाऱ्याने वर गाइरांगरपर्यंत, येताना ओस्लो–कील. दोन वेगळ्या कंपन्या म्हणजे परतीच्या तिकिटाची सूट जाईल, पण नॉर्वेतला एकही रस्ता दोनदा चालवावा लागणार नाही.

हॅम्बुर्गचा एल्बे नदीखालचा बोगदा मात्र सांभाळा. सुट्ट्यांच्या काळात शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ तिथे गाड्या तुंबतात. बोट पकडायची असेल तर आदल्या रात्रीच एल्बेच्या पलीकडे मुक्काम करा.

मोजपट्टी

बुकिंगमध्ये सगळ्यात जास्त चुकतं ते माप. कागदावरची लांबी घालू नका, गाडी जशी धक्क्यावर उभी राहील तशी मोजा. ५.९९ वर सायकली लावलेला रॅक म्हणजे साडेसहाच्या पुढे. उंचीतही तेच: छतावरचा एसी, सॅटेलाइट डिश, पेटी, सगळं धरायचं. उंची-लांबीचे टप्पे प्रत्येक कंपनीचे वेगळे. चेक-इनला माप घेतात. जास्त निघालं तर फरक भरावा लागतो, आणि त्या टप्प्यातली जागा संपली असेल तर पैसे देऊनही बोट मिळत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नॉर्वेतल्या अंतर्गत फेऱ्यांचा पहिला दर ६.०० मीटरपर्यंत आहे. त्यापुढे वरचा टप्पा. किनाऱ्याने वर गेलात तर अशा फेऱ्या सतत लागतात आणि प्रत्येक वेळी रॅकचे पैसे भराल. ओरेसुंड पुलावरही ६ मीटरची रेघ आहे, पलीकडे दर जवळपास दुप्पट. रॅक नुसता दुमडून भागत नाही, दुमडलेलाही मोजतात. काढूनच ठेवा. मुलांच्या सायकली आत मावत नसतील तर तिकडे भाड्याने घ्या.

चढताना: बाहेरची पायरी आत गेली आहे ना ते बघा. ओहोटीला रॅम्पचा कोन तीव्र होतो आणि मागचा लांब भाग घासतो, म्हणून अगदी पायी चालण्याच्या वेगाने. उभी केल्यावर हँडब्रेक आणि गाडी गिअरमध्ये. अलार्मचा आतला हालचाल ओळखणारा सेन्सर बंद करा, नाहीतर बोट हलली की तो रात्रभर वाजतो आणि बॅटरी उतरते. लांबच्या फेरीत डेकला कुलूप लागतं, मधे परत येता येत नाही. पासपोर्ट, औषधं, मुलांचे गरम कपडे, उद्याचे कपडे एका पिशवीत वर न्या. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी अर्धा तास द्या. स्कागेराक, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेमधला समुद्र, ऑगस्टमध्येही कधीकधी अंगात आल्यासारखा वागतो. डेकचा नंबर आणि जिन्याचा रंग यांचा फोटो काढून ठेवा.

निळी ज्योत

गॅसबद्दल. डेकवर जाण्यापूर्वी सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, यात सवलत नाही. दहा मिनिटांच्या अंतर्गत फेरीवरही तेच.

याचा परिणाम फ्रिजवर होतो. तुमचा तिन्हीवर चालणारा फ्रिज इंजिन बंद झालं की १२ व्होल्टवरही चालत नाही, कारण त्याची तापणारी कांडी १० ते १५ अँपिअर ओढते आणि घरगुती बॅटरीवर तो बोजा मुद्दामच टाकलेला नसतो. ओस्लो–कीलच्या २० तासांत तो फक्त बर्फाची पेटी. आदल्या रात्री विजेवर पूर्ण थंड करा, पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून आत ठेवा, दूध आणि मटण-मासळी आधीच संपवा, दार उघडू नका. कॉम्प्रेसर फ्रिज असता तर हा प्रश्नच आला नसता. त्याला दिवसाला ३०-४० अँपिअर-तास पुरतात.

आता हिशोब. चौघांचा स्वयंपाक, दोन वेळ, कुकर धरून दिवसाला २०० ग्रॅम. फ्रिज गॅसवर असेल तर ३०० ते ४००. दहा लिटर पाणी एकदा तापवायला ५०-६० ग्रॅम. हीटर कमी आचेवर तासाला साधारण १६० ग्रॅम. ऑगस्टमध्ये डोंगरावर पहाटे दोन तास लागतोच. म्हणजे रोज एक किलोच्या आसपास, २० दिवसांचे २० किलो. दोन भरलेल्या सिलिंडरमध्ये जेमतेम बसतं. पण निम्म्या रात्री कॅम्पिंगच्या विजेवर काढल्यात तर फ्रिजचा खर्च वाचेल आणि बरंच शिल्लक राहील.

जर्मन सिलिंडर नॉर्वेत किंवा स्वीडनमध्ये बदलून मिळत नाही, तोंडाची जोडणीही वेगळी. म्हणून निघतानाच दोन्ही भरलेले घ्या, एक अर्धा असेल तर बदलून टाका. आणि प्रोपेनच घ्या. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ वायूत बदलायचं थांबतं, मग सिलिंडर जड लागतो आणि शेगडी पेटत नाही.

स्टुटगार्टकर

मंडळी, कमाल आहे. रॅक उतरवतोय. दोन गोष्टी राहिल्या. शिधा इथूनच न्यायचा विचार आहे: तांदूळ, डाळी, कणीक, मसाले, पाच-पाच किलो कांदे-बटाटे, तूप. आणि नॉर्वेत कुठेही मुक्काम करता येतो म्हणे, तसा कायदाच आहे?

कोठीघर

बटाटे घरी ठेवा. नॉर्वेत प्रवाशाने बटाटे आणायला बंदी आहे, पिकाचे रोग येतात म्हणून. कांदे चालतात. बटाट्याची भाजी तिथले बटाटे घेऊन करा, उत्तम असतात.

नॉर्वे युरोपीय संघात नाही पण युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. त्यामुळे जर्मनीतून येताना मांस, मांसाचे पदार्थ, चीज मिळून माणशी १० किलोपर्यंत चालतं. जर्मन दुकानातलं तूप चालेल. आजीने पाठवलेलं साजूक तूप, पेढे यांची गोष्ट वेगळी: दुधाचे पदार्थ भारतातून खासगी सामानात युरोपीय संघातच आणता येत नाहीत, नॉर्वेचा प्रश्न त्यानंतरचा. डाळ-तांदूळ-मसाल्याला कोणी हरकत घेत नाही. पण मूळ पाकिटात ठेवा. बिनलेबलच्या पांढऱ्या पिठाच्या पिशव्या समजावून सांगण्यात बोटीवरून उतरतानाचा अर्धा तास जातो.

वजन विसरू नका. ३.५ टनांच्या कॅम्परमध्ये चार माणसं बसली की खरी उरलेली क्षमता फार थोडी असते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. चालवताना टाकीत २० लिटर पुरे, पाणी मुक्कामी भरा. निघण्याआधी भरलेली गाडी वजनकाट्यावर चढवा.

रानवाटा

मुक्कामाचं: हो, १९५७ चा कायदा आहे, मोकळ्या रानात जाण्याचा सर्वांचा हक्क. कॅम्पर कुठेही लावून झोपा.

उत्तरवारी

@रानवाटा, थांबा, हे अर्धंच बरोबर आहे आणि यातच लोक फसतात. तो हक्क पायी जाणाऱ्याचा आणि तंबूचा आहे: जवळच्या घरापासून निदान १५० मीटर, शेतात नाही. गाडी त्यात येत नाही. रस्ता सोडून रानात गाडी घालायला मनाईच आहे. कॅम्परला लागू होतात ते पार्किंगचे नियम: पाटी मनाई करत नसेल तर रस्त्यालगतच्या जागेत रात्र काढता येते, पण खुर्च्या-टेबल-छत बाहेर मांडलंत की ते पार्किंग राहत नाही. खासगी रस्ता, शेताचं फाटक, बोटी उतरवायची जागा टाळा. उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवर अनेक ठिकाणी स्थानिक मनाई आहे. डेन्मार्कमध्ये तर हा हक्क असा नाहीच, तिथे सरळ कॅम्पिंग धरा.

मुलांसोबत दोन रात्री बाहेर, एक रात्र कॅम्पिंगला हे प्रमाण बरं. शौचालयाची पेटी चौघांत दोन दिवसही पुरत नाही. ती फक्त नेमलेल्या ठिकाणीच रिकामी करा. मोठ्या रस्त्यांवर पाट्यांवर गाडी आणि खाली बाण असं चित्र असतं.

निळी ज्योत

कॅम्पिंगच्या विजेबद्दल एक भर. निळ्या तीन पिनांचा प्लग सगळीकडे नसतो, जुन्या ठिकाणी घरगुती सॉकेट असतं. अडॅप्टर ठेवा. बऱ्याच जागी फ्यूज १० अँपिअरचा, म्हणजे २३०० वॅट. इंडक्शन आणि किटली एकदम लावलीत की गेलाच. आणि ध्रुवता तपासणारं यंत्र नॉर्वेत चूक दाखवलं तर घाबरू नका. तिथे अनेक भागांत दोन्ही तारा जिवंत असलेली वीजरचना आहे, न्यूट्रल नाही. याचा अर्थ आत दुरुस्तीला हात घालताना दोन्ही तारा तोडणारा स्विच बंद हवा, किंवा सरळ बाहेरची केबल काढा.

टोलनाका

टोल: नॉर्वेत थांबायचं नाही, कॅमेरा नंबर टिपतो. निघण्यापूर्वी ईपास२४ या वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि ईमेल नोंदवा, बिलं तिथे येतात. नोंदणी केली नाही तरी बिल पत्त्यावर येतंच, फक्त उशिरा आणि कुठला नाका ते आठवत नाही तेव्हा. ऑटोपास टॅग (गाडीत लावायचं टोलयंत्र) घेतला तर टोलात २० टक्के सूट. तीन आठवड्यांसाठी फायद्याचं आहे का ते अनामत रक्कम धरून बघा. गाइरांगर–हेलेसिल्ट ही तासाभराची पर्यटकी फेरी यात येत नाही, ऑगस्टमध्ये तिचं बुकिंग आधी करा. दिवसाही दिवे चालू. रक्तातल्या दारूची मर्यादा नॉर्वे आणि स्वीडन दोन्हीकडे हजारी ०.२, म्हणजे एक बिअरही नको.

कागदपत्रं: डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, सगळे शेंगेनमध्ये. जर्मन परवान्यावर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, व्हिसा नको. मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड, मुलांचंही वेगळं कार्ड, मुदत परतीच्या तारखेपलीकडची. बुकिंगमधली नावं पासपोर्टवरच्यासारखीच घाला. शेंगेन असलं तरी सीमेवर आणि धक्क्यावर तपासणी होते. आई-बाबा भारतातून येऊन सोबत येणार असतील तर जास्त रात्री ज्या देशात त्या देशाचा व्हिसा. कोणी पुढे आइसलँडची बोट घ्यायच्या विचारात असेल तर ती फेरो बेटांवर थांबते, आणि फेरो शेंगेनमध्ये नाही. तिथे उतरायला वेगळी परवानगी लागते.

लंडनवासी

इंग्लंडहून थेट नॉर्वेला बोट आहे का?

टोलनाका

नाही, न्यूकॅसल–बर्गन २००८ मध्ये बंद झाली. न्यूकॅसलहून आम्स्टरडॅमजवळ एयमाउडेनला रात्रीची बोट, मग रस्त्याने हिर्ट्सहाल्स. ब्रिटनचा राहण्याचा परवाना शेंगेनमध्ये चालत नाही, पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसा काढावा लागेल. आणि तुमच्या शिध्याला वरचा १० किलोचा नियमही नाही: ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ बोटीवर चढण्याआधीच संपवा.

स्टुटगार्टकर

ठरलं मग: जाताना स्टावांगर, येताना ओस्लो–कील. गाइरांगरला उतरायचा घाट ३.५ टनांना झेपेल ना?

मोजपट्टी

झेपेल. नियम आपल्या घाटातलाच: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक दुसरा. ब्रेक सतत दाबून धरू नका; अधूनमधून नीट दाबा आणि पूर्ण सोडा. जळका वास आला की रुंद जागी थांबा, चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. अर्धा तास थंड होऊ द्या. दिवसा क्रूझ बोटींच्या बसगाड्या वर येतात, म्हणून सकाळी ८ च्या आत उतरा.