दिव्यांगांच्या सहकारी संस्थेने वाइन करावी का?

बार्सिलोनाकर
इकडे स्पेनमध्ये, कातालोनियात व्हालबोना नावाचं छोटं गाव आहे, नन्सच्या जुन्या मठाभोवती वसलेलं. १९७४ पासून तिथे लोलिवेरा ही सहकारी संस्था आहे, बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं तिथे राहतात, द्राक्ष आणि ऑलिव्ह पिकवतात, वाइन आणि तेल करतात, सगळं सेंद्रिय. बार्सिलोना महापालिकेची डोंगरावरची द्राक्षबागही तेच बघतात.

असल्याच एका बागेत मी तोडणीला गेलो होतो. माझ्या ओळीत चाळिशीतले एक जण होते, फारसे बोलत नव्हते, पण घड आधी तळहातावर घ्यायचे, कुजका मणी दिसला की कात्रीच्या टोकाने काढायचे आणि मगच क्रेटमध्ये ठेवायचे. माझे तीन क्रेट भरले तोवर त्यांचे दोन, आणि माझे तिन्ही परत निवडावे लागले. तणनाशक मारायचं नाही म्हणजे बुडाशी खुरपणी आली, पानं विरळ करणं आलं, या बागेला असेच सावकाश हात लागतात. म्हणून मला हे काम खरं वाटतं, दयेपोटी दिलेलं नाही.

साधी_आई
काम खरं असेल हो, पण पीक चुकलंय. इटलीचा १९९१ चा ३८१ नंबरचा कायदा बघा, कामातून आधार देणाऱ्या सहकारी संस्थांत निदान ३० टक्के कामगार वंचित गटातले हवेत, आणि त्या यादीत दिव्यांग आहेत, शिक्षा भोगणारे आहेत आणि दारूचं व्यसन असलेलेही आहेत! त्यांना वाइनच्या पिंपांशेजारी उभं करणार? माझे वडील दारूने गेले, व्यसन सुटल्यावर सहा महिन्यांनी नुसत्या वासाने परत सुरू झाली होती. तेल करा, बेदाणे करा.

निफाडची_बाग
ताईंचं दुःख समजतं पण मला वेगळंच खटकतं. सेंद्रिय म्हणजे सगळं शुद्ध असं नाही, डावणी ही बुरशी आली की सेंद्रियवालाही मोरचूदच, म्हणजे तांब्याचंच औषध मारतो, युरोपात ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घालावी लागलीय कारण ते मातीत साठतं. आणि पाऊस येणार असला की दोन दिवसांत बाग खाली करावी लागते, तेव्हा सावकाश हात कसे चालतील? आमच्याकडे एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्हीला मजूर मिळत नाहीत, म्हणून अशी संस्था इथे झाली तर मला हवीच आहे, पण गारपिटीच्या वर्षी त्या माणसांचा पगार कोण देणार ते आधी सांगा.

बार्सिलोनाकर
दादा, तांब्याचं मान्य. घाईच्या तोडणीला बाहेरची माणसं जोडीला घ्यावी लागतात हेही खरं. पगाराचा भार एकट्या पिकावर टाकूच नये, राहण्याचा आणि देखभालीचा पैसा सरकारकडूनच यायला हवा, वाइन विकून त्यावर मजुरी निघावी. ताई, व्यसनातून उठलेल्या माणसाला वाइनच्या तळघरात पाठवू नये हे मलाही पटतं, बागेत, ऑलिव्हमध्ये भरपूर काम असतं.

साधी_आई
बागेत चालेल. पण संध्याकाळी तोडणी संपली की सगळ्यांना एकेक ग्लास देतात ना तिकडे? तेव्हा तो माणूस कुठे बसतो?

बार्सिलोनाकर
हो, मी गेलो तेव्हा दिला होता. कोण कुठे बसलं ते मी बघितलं नाही. पुढच्या तोडणीला बघतो आणि इथेच सांगतो.