शोकसभेत खरे बोलावे की गप्प बसावे?

ऊसकरी: आमच्या साखर कारखान्याच्या माजी अध्यक्षांचे परवा निधन झाले. उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) १४ दिवसांत देणे बंधनकारक असताना त्यांच्या कारकिर्दीत माझ्या वडिलांचे दोन हंगामांचे बिल थकले आणि त्यापायी बहिणीचे लग्न वर्षभर पुढे गेले. आता चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागला आहे, आणि मी शिक्षक असल्यामुळे रविवारच्या शोकसभेत बोलावे असा सरपंचांचा आग्रह आहे. खोटे माझ्याने बोलवणार नाही. काय करावे?

जुना वाचक: ‘मरणान्तानि वैराणि’ (वैर मरणापाशी संपते) हे वचन आपल्याला आता दहा जण ऐकवतील, पण युद्धकांडात ते कोठे येते हे कोणी सांगणार नाही. रावणाचे अंत्यसंस्कार करण्यास बिभीषण कचरतो तेव्हा राम ते उच्चारतो, आणि तेथेच रावण अधर्मी व असत्यवादी होता हे मान्य करून मग त्याच्या शौर्याचा उल्लेख करतो. अग्नी नाकारू नये, एवढेच त्यात आहे; स्तुतीची सक्ती नाही.

पारावरचा: संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर तुटून पडलेल्या आचार्य अत्र्यांनीच १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर आपल्या ‘मराठा’ दैनिकातून त्यांच्यावर हळवे लेख लिहिले. पण अत्र्यांना ते आतून वाटत होते. आपल्याला वाटत नसेल तर उसना गहिवर आणू नये, तो लगेच ओळखू येतो.

वकीलसाहेब: सभेपेक्षा मोबाइल जपा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी पालघरची तरुणी आणि ते केवळ ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली होती. त्यांना लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. तरीही आप्तांना दुखावण्याच्या हेतूने केलेली मृताची बदनामी आजही गुन्हा ठरू शकते. थकलेले बिल सांगणे वेगळे आणि दहाव्याआधी हसरी इमोजी टाकणे वेगळे.

ऊसकरी: सर्वांचे आभार. सभेत मी दोन मिनिटेच बोललो: त्यांच्या काळात माध्यमिक शाळेची इमारत उभी राहिली, मी तेथेच शिकलो, आणि त्यांच्या मुलांचे दुःख मोठे आहे. ‘शेतकऱ्यांचे कैवारी’ हे शब्द सूत्रसंचालकाने चिठ्ठीवर लिहून दिले होते, ते वाचले नाहीत. वडील मागच्या सतरंजीवर बसून होते. घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून काट्याच्या पावत्या काढून क्रमाने लावल्या. तेरावे झाले की नव्या अध्यक्षांकडे जायचे ठरले आहे.