मदत हवी आहे: स्नो डेला ऑनलाइन शाळा, फॉर्ममध्ये काय लिहू?

मोगरी22
इथे अमेरिकेत मुलांच्या शाळेचा फॉर्म आलाय. पुढच्या हिवाळ्यापासून बर्फाची सुट्टी बंद, त्या दिवशी घरून ऑनलाइन. हो/नाही, आणि खाली कारणासाठी एक चौकोन. उद्या रात्रीपर्यंत द्यायचाय. मुलगा दुसरीत, मुलगी सातवीत, आम्हा दोघांचं ऑफिस सुरूच असतं. मला 'नाही' लिहायचंय, पण कारण असं हवं की केराच्या टोपलीत जाणार नाही. पटकन सांगा.

कंदीलवाला
राज्य कोणतं ते आधी सांगा. न्यू जर्सी असेल तर प्रश्नच मिटला. तिथे ऑनलाइन दिवस शाळेच्या वर्षाच्या सक्तीच्या 180 दिवसांत धरायचा तर जाहीर आणीबाणी किंवा आरोग्य यंत्रणेचा आदेश लागतो, आणि त्यामुळे शाळा सलग तीन दिवसांहून जास्त बंद असावी लागते. एका दिवसाच्या बर्फाला ते लागू होत नाही.

रिकामा_डबा
'हो' लिहा. सुट्ट्या भरून काढायला शाळा जूनमध्ये लांबते आणि भारताची तिकिटं तर आधीच काढलेली असतात. शिवाय अभ्यास बुडतो तो वेगळाच.

त्रिज्या
तिकिटांचं मान्य, अभ्यासाचं नाही. हार्वर्डच्या जोशुआ गुडमन यांनी 2014 मध्ये मॅसॅच्युसेट्सची आकडेवारी तपासली होती. बर्फामुळे शाळा बंद राहिली तर गुणांवर परिणाम दिसत नाही, एकेकटी मुलं गैरहजर राहिली तर दिसतो. सगळा वर्ग एकदम थांबला की शिक्षक धडा उद्यावर ढकलतात. एकच मूल मागे पडलं तर त्याच्यासाठी कुणी थांबत नाही. ऑनलाइन दिवशी नेमकं हेच होतं: निम्मी मुलं हजर, निम्मी लॉगिनच्या पानावर अडकलेली. न्यूयॉर्क शहरात 13 फेब्रुवारी 2024 ला सकाळी सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं आणि ओळख पडताळणीची यंत्रणाच बसली.

मोगरी22
पेनसिल्व्हेनिया. फरक पडतो का?

त्रिज्या
पडतो तर! तुमच्याकडे 2019 च्या कायदा 64 नुसार 'फ्लेक्सिबल इन्स्ट्रक्शनल डे', म्हणजे शाळा बंद असताना घरून शिकण्याचे दिवस, आहेत. वर्षाला जास्तीत जास्त 5, राज्याची मंजुरी लागते, ती तीन वर्षं चालते. म्हणजे 'बर्फाची सुट्टी बंद' हे पूर्ण खरं नाही, सहाव्या दिवशी काय?
आता मुख्य गोष्ट. 2023-24 पासून तिथे 180 दिवस *किंवा* तास असं चालतं: प्राथमिकला 900, माध्यमिकला 990. मुलीच्या शाळेत रोज 6 तास शिकवणं धरा. 180 दिवसांचे 1080 झाले, 90 तास वर राहिले, म्हणजे 15 दिवस. तुमचा शाळा-जिल्हा (शाळा चालवणारं स्थानिक मंडळ) तास मोजत असेल तर दोन-चार बर्फाच्या सुट्ट्यांना ना जून लागतो ना ऑनलाइन. चौकोनात पहिलं वाक्य हेच लिहा: आपण दिवस मोजता की तास?

कंदीलवाला
पण शिक्षकांच्या करारात दिवसच लिहिलेले असतात, तास नाहीत. तेही विचारा, नाहीतर तेवढ्यावर उडवून लावतील.
आणि लाइव्ह वर्ग आहेत की नुसता गृहपाठ? हजेरी कशावर, गूगल मीटला बसण्यावर की काम जमा करण्यावर? दुसरीतल्या मुलाला लाइव्ह म्हणजे शेजारी मोठं माणूस हवंच.

मोगरी22
फॉर्ममध्ये तसलं काहीच नाही. 'क्रोमबुक घरी दिले जाईल' एवढंच.

कंदीलवाला
मग वीज गेल्यावर काय, हे लिहा. ओल्या जड बर्फाने फांद्या तारांवर पडतात. गूगल क्लासरूम ऑफलाइन उघडत नाही. गूगल डॉक्स उघडतं, पण ऑफलाइनची सोय शाळेच्या अ‍ॅडमिनने खुली ठेवलेली हवी आणि फाइल आदल्या दिवशीच 'ऑफलाइन उपलब्ध' केलेली हवी. म्हणून कागदी पॅकेट आदल्या दुपारी दप्तरात आणि जमा करायला मुदत, एवढं लेखी मागा.

गोदाकाठ
राउटरला 600 व्हीएचा यूपीएस लावा, विषय संपला. मोडेम धरून दीड-दोन तास जातात.

कंदीलवाला
केबलचं नेट असेल तर गल्लीतल्या यंत्रालाही वीज लागते. तिथली बॅटरी उतरली की घरच्या यूपीएसचा उपयोग शून्य. फायबर असेल तर ठीक.

शेपूची_जुडी
इकडे मुंबईत रेड अलर्टची सुट्टी जाहीर होते तेव्हा सकाळच्या सत्राची मुलं वर्गात बसलेली असतात. तुम्हाला आदल्या रात्री कळतं, यातच सुख माना.

त्रिज्या
ताई, मुलांपैकी कुणाला आयईपी, म्हणजे विशेष मदतीचा शाळेने लिहून दिलेला आराखडा, आहे का? स्पीच थेरपी वगैरे? असेल तर त्या दिवशीचे तास कधी भरून देणार, हा स्वतंत्र मुद्दा आहे.

मोगरी22
मुलाला आहे, स्पीच. दर मंगळवारी.

त्रिज्या
अहो, हे सगळ्यात आधी लिहायचं ना! आता तास-दिवस दुसऱ्या क्रमांकावर. थेरपीचं पहिलं लिहा, आणि फॉर्मची प्रत त्याच्या केस मॅनेजरला (शाळेत त्याचा आयईपी सांभाळणाऱ्या व्यक्तीला) ईमेल करा.

गोदाकाठ
ड्राइव्हवेवरचा बर्फ वितळवायला साधं मीठ आणू नका. 15 फॅरेनहाइटच्या खाली ते काम करत नाही. कॅल्शियम क्लोराइड घ्या.

रिकामा_डबा
ते काँक्रीट खातं.