ब्रेकमध्ये चुकून इंजिन ऑइल घातलं, आता काय?

फोंडेकर_८६: बाबांची ८६ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, चतुर्थीपर्यंत चालू करायची म्हणून मीच हात घातला. ब्रेक ऑइल कमी दिसलं तर घरातलं इंजिन ऑइल थोडं ओतलं (हसू नका, डब्यावर ऑइलच लिहिलेलं), आता पेडल दगडासारखं झालंय आणि चाकं जाम. पूर्ण ड्रेन करून नवीन भरलं तर भागेल का?

म्हापशेकर: नाही भागणार. ब्रेक फ्लुइड ग्लायकॉलचं असतं, ब्रेकमधले रबर त्यालाच चालतात, इंजिन ऑइलसारखं मिनरल ऑइल लागलं की फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबलं की प्रेशर देतो तो) फ्लुइड परत जायचं भोक बंद होऊन प्रेशर सुटत नाही, म्हणून चाकं धरलीत. मास्टर सिलिंडरचा रबर किट, चारही चाकांचे रबरी कप, होज (रबरी नळ्या) सगळं बदल, पाइप स्पिरिटने धू. डिझेल, रॉकेल अजिबात नको. तोवर गाडी गेटबाहेर काढू नको रे बाबा.

घाटावरचा: आणि नवीन भरताना बॉनेटवर सांडू नकोस, रंग सोलून निघतो. मला विचार.

फोंडेकर_८६: किट मागवतो. दाराखालच्या गंजाच्या भोकात लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरलीय, ते तरी बरोबर ना?

म्हापशेकर: 😄 मीपण केलेलं. लांबी पाणी धरते, एका पावसात फुगून पापुद्रा आला आणि मागचा पत्रा चाळणी. कापून नवा पत्रा वेल्ड कर, आतून प्रायमर मार, खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेव.

फोंडेकर_८६: बाबांना अजून सांगितलेलं नाही.